दारातला सातवा मैल

चि. धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. थोरली बहीण कोण, हे आठवायला तुला जरा वेळ लागेल, म्हणून खूण सांगून ठेवते: लहानपणी तुला विहिरीत ढकलून जिने पोहायला शिकवलं, ती मी. (मागोमाग उडी मारून बाहेरही मीच काढलं होतं, पण तेवढं तू सोयीने विसरतोस.) तुझं पार्सल पोचलं. चार किलो अक्रोड, तेही कवचासकट. अरे, मागच्या खेपेला आला होतास तेव्हा मला आ करायला लावून माझे दात कोणी मोजले होते? चार भरले, त्यातला एक हलता, आणि हसून हसून तुला ठसका लागला म्हणून पाठीत धपका घालावा लागला. एवढं सगळं होऊन अक्रोड! ती पिशवी मी वाऱ्याने आपटणाऱ्या मागच्या दाराला टेकू म्हणून लावली आहे. त्या कामाला फार उत्तम माल आहे, भावजयीला सांग.

भावजयीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, वाकू नकोस, वाकायचं काम नवऱ्याला सांग. तुझा खोकला कसा आहे? (उत्तर पाठवताना खोकल्याचं लिही, हवामानाचं लिहू नकोस. मागच्या पत्रात तू दीड पान पावसाबद्दल लिहिलं होतंस. पाऊस इकडेही पडतो.) इकडे सगळे बरे आहेत. माझे गुडघे तेवढे माझ्याशी बोलत नाहीत. मी बस म्हटलं की ते बसतात, ऊठ म्हटलं की ऐकू न आल्यासारखं करतात. हे पत्र सूनबाई लिहिते आहे. मला अक्षराची ओळख नाही, ती आता या वयात करून घ्यायची इच्छाही नाही, तेव्हा तिचा हात आणि माझं तोंड असा हा जोडधंदा आहे. तिला बजावलं आहे की मी बोलते तसंच लिही, मधे सुधारू नकोस. (सुधारत नाही, मामा. फक्त शिव्या गाळते आहे. — सून)

आता मुद्द्याचं. मी संकटात आहे, आणि ते संकट माझ्या तोंडाने आणलेलं आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं. पण त्यात अर्धा वाटा तुझा आहे, म्हणून आधी सगळं नीट वाच, मग हस.

आमचा हा भाग तुला ठाऊक आहे. शहरातल्या माणसाला विचारलं की तुमचं हे उपनगर कुठे आलं, तर तो नाव सांगत नाही, नुसता हात लांब करतो आणि म्हणतो, "तिकडे." साठ वर्षं मी त्या "तिकडे"त राहते आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा घराच्या एका अंगाला वीटभट्ट्या आणि दुसऱ्या अंगाला कोबीचे मळे होते. वारा इकडून आला की धूर आणि तिकडून आला की कोबी, त्यामुळे वाळत घातलेलं धुणं कोणत्या वासाचं निघेल ते नशिबावर. मग कोबी गेला आणि बटणांचा कारखाना आला, भट्ट्या गेल्या आणि घरं आली, कारखाना बंद पडला आणि त्याची गोदामं झाली, आणि गोदामांबरोबर ट्रक आले. बस आजही इथेच येऊन संपते. माझा लेक ती बस चालवतो. तो म्हणतो, शेवटच्या थांब्यापर्यंत गाडीत दोनच जातीची माणसं उरतात, इथली आणि झोप लागलेली. झोप लागलेल्यांना उठवलं की ती खिडकीतून बाहेर बघतात आणि घाबरतात.

तर अशा या तिकडे, दोन महिन्यांपूर्वी, एक इतिहासवाले आले. सडपातळ, खांद्याला झोळी, खिशात मोजायची फीत, आणि चेहरा असा की कोणीतरी आत्ताच काहीतरी चांगलं सांगणार आहे या आशेवरचा. पालिकेने प्रत्येक उपनगराचा इतिहास लिहायला काढला आहे म्हणे, आणि इथे सगळ्यांत जुनं कोण असं विचारत विचारत ते न्हाव्याकडे गेले, तर न्हाव्याने माझ्याकडे बोट दाखवलं. (तो स्वतः माझ्याहून दीड वर्षाने मोठा आहे. पण केसांना कलप लावून बसला आहे, मग सांगणार कसं?) मी आपली नेहमीप्रमाणे दारातल्या पायरीवर बसले होते. ती पायरी तुला आठवेल, नाही आठवली तरी तुझ्या नडगीला आठवेल. तुझ्या दाजींनी एका सुट्टीच्या दिवशी कोणाला न विचारता बांधलेली, दोन माणसं आणि एक शिवणाची टोपली मावेल एवढी रुंद. माझा सगळा कारभार तिथून चालतो. भाजीवाली तिथे थांबते, टपालवाला तिथे टेकतो, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे ते मला तिथून कळतं आणि पुन्हा सुरू कसं करायचं तेही तिथूनच ठरतं. गुडघ्यांनी जग एवढंच ठेवलं आहे मला, पण ते पुरेसं आहे.

इतिहासवाले माझ्याशेजारी बसले. चहा घेतला. दुसरा घेतला. म्हणाले, "आजी, तुम्हाला आठवतंय ते सगळं सांगा." धाकट्या, साठ वर्षांत मला हे वाक्य कोणी म्हटलं नव्हतं. या घरात मी बोलायला लागले की लेकाला झोप येते आणि सुनेला कुकर आठवतो. (कुकर खरंच लावलेला असतो. — सून) मी मनापासून सुरुवात केली, बटणांपासून. बावीस वर्षं मी त्या कारखान्यात बटणं निवडली. दोन भोकांची एकीकडे, चार भोकांची दुसरीकडे, टवका उडालेली तिसरीकडे. मला अक्षर कळत नाही, पण डोळे मिटून हातात बटण दे, कोटाचं की सदऱ्याचं की उशीच्या खोळीचं ते सांगते. आम्ही सत्तर बायका होतो, लांब टेबलांवर, आणि बोलायला बंदी होती, म्हणून आम्ही बटणांनी बोलायचो. टेबलावर एक टकटक म्हणजे मुकादम आला, दोन म्हणजे गेला, तीन म्हणजे आज कोणाच्या तरी घरी रडारड झाली आहे, जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी बसा. आजही परसात कुठेही खणलं की मातीत बटणं निघतात. कोबी लावला तर कोबीच्या मुळाशी निघतात. मी हे सगळं सांगत होते आणि इतिहासवाले मान हलवत होते, पण पेन हलत नव्हतं. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "हे छानच आहे, पण याच्याही आधीचं काही? जुनं?"

जुनं! माझी बावीस वर्षं त्यांना शिळी वाटली नाहीत, ताजी वाटली. मला आला राग. राग आला की मी ओरडत नाही, खोटं बोलते, हे तुला ठाऊक आहे. पायरीच्या कोपऱ्याला, रस्त्याच्या वळणावर, तो दगड उभा आहे ना, गुडघ्याएवढा, वर सात आकडा कोरलेला? त्यावर हात ठेवून मी म्हणाले की जुनं हवं असेल तर हा घ्या, माझ्या आजेसासूच्या आजेसासूच्या वेळेपासूनचा मैलाचा दगड आहे, शहरात जाणारे घोडे इथे पाणी प्यायला थांबत. हे ऐकून त्यांचं पेन असं धावायला लागलं की माझा रागच गेला. मग मी घोड्यांचे रंगही सांगितले.

आता तो दगड कुठला, हे तुला सांगायची गरज नाही, पण तू विसरला असशील म्हणून सांगते. (सूनबाई, लिही. आता लपवून काय करायचं आहे?) तू सतरा-अठरा वर्षांचा होतास आणि पाथरवटाच्या आवारात कामाला होतास. तो तुझा उस्ताद, ज्याचं नाक आधी यायचं आणि तो मागून. नव्या रस्त्यासाठी मैलाचे दगड घडवायचं काम त्याला मिळालं होतं, आणि सातव्या मैलाचा तुझ्या वाट्याला आला होता. सात तू सुरेख कोरलास. पण नंतर तुला खाज सुटली, आणि दगडाच्या तळाशी, जो भाग जमिनीत जाणार, कोणाला कधी दिसणार नाही असं म्हणून तू उस्तादाचं तोंड कोरलंस, नाकासकट. आणि गाडीत चढवताना दगड कलंडला नेमका उस्तादाच्या पायाशी, तोंड वर करून. त्याने तुला आणि दगडाला एकाच वाक्यात हाकललं. सातवा मैल त्याने दुसरा घडवून घेतला, तो इथून दोन मैल पुढे गोदामांच्या पलीकडे पुरला गेला आणि रस्ता रुंद केला तेव्हा नाहीसाही झाला. आणि तू हातगाडीवर हा दगड ढकलत माझ्या दारात आलास, रडत नव्हतास पण नाक ओढत होतास. तुझ्या दाजींनी तुला एक शब्द विचारला नाही. त्यांनी दगड बघितला, कोपरा बघितला, आणि म्हणाले, बरं झालं, वळणारी प्रत्येक गाडी माझी पायरी घासून जाते. दोघांनी मिळून तो कोपऱ्यात पुरला, नाक खाली. त्यानंतर एकही चाक पायरीला लागलं नाही. हा आमच्या घोड्यांचा इतिहास.

(इथे माझं पेन थांबलं होतं, मामा. मला हे आजच कळलं. — सून)

तिचं पेन का थांबलं तेही सांगते. इतिहासवाल्यांनी दगडापासून शहराच्या घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत फीत घातली. (स्वतः चालत. शहाण्याने लेकाच्या बसमध्ये बसून मीटर बघितला असता.) अंतर भरलं पाच मैल, आणि दगड म्हणतो सात. आता साध्या माणसाला काय वाटेल? की दगड चुकला. पण शिकलेल्या माणसाला वाटलं की शहर चुकलं! त्यांनी मोठा लेख लिहिला की मूळ शहर आज आहे तिथे नव्हतंच, ते नदीपलीकडे आणखी दोन मैलांवर होतं, आणि याचा एकमेव उरलेला पुरावा आमच्या उपनगरात आहे. तुझ्या एका नाकापायी अख्खं शहर उचलून नदीपलीकडे ठेवलं, धाकट्या. आणि आमच्या लोकांना काय झालं ते विचारू नकोस. आजवर जे "तिकडे" राहत होते ते आता पुराव्याशेजारी राहतात. न्हाव्याने दुकानाची पाटी बदलून "सातवा मैल केशकर्तनालय" केलं. बसचा थांबा "सातवा मैल" झाला. माझ्या नातीने शाळेत निबंध लिहिला, त्यात मी सांगितलेले घोडे होते आणि तिने स्वतःचे दोन घातले होते. तिला बक्षीस मिळालं. मग एक स्मारक समिती निघाली, आणि अक्षर चांगलं म्हणून चिटणीस कोणाला केलं? आमच्या सूनबाईंना. पंधरा वर्षं ती या घरात मुकाट्याने भाकऱ्या भाजते आहे, पण समितीतून आल्यावर बघ, चपला काढायची पद्धतच वेगळी. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला आवडत होतं.

इथपर्यंत सगळं गोडीगुलाबीत होतं. मग एके दिवशी पालिकेचा माणूस आला, खडू काढला आणि माझ्या पायरीवर मोठी फुली मारली. मी तिच्यावर बसले होते तेव्हा त्याने अर्धी फुली मारली आणि उरलेल्यासाठी मला जरा सरका म्हणाला. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, "आजी, नोटीस आठ दिवस लावलेली आहे, वाचली नाही का?" नोटीस कुठे, तर माझ्या पाठीमागे भिंतीवर. आठ दिवस मी तिला टेकून बसले होते. मला वाटलं पाणी बंद असल्याचा कागद असेल, आणि टेकायला जरा मऊ लागत होता. आठ दिवसांत त्या रस्त्याने शंभर माणसं गेली, प्रत्येकाने मान वाकवून माझ्या खांद्यावरून तो कागद वाचला, मला नमस्कार केला आणि रस्ता धरला. एकाने सांगितलं नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. मी मात्र खूश होते की लोक हल्ली किती वाकून नमस्कार करतात!

नोटिशीचा अर्थ असा: दगडाभोवती कठडा, कठड्याभोवती फरशी, फरशीवर दोन बाकं, आणि या सगळ्याला जागा करायला माझी पायरी फोडायची, कारण ती पालिकेच्या जमिनीवर दोन हात पुढे आलेली आहे. पुढचं दार बंद. जाणं-येणं मागच्या बोळाने, जिथे नऊ पायऱ्या आहेत आणि त्यातली एकही माझ्या गुडघ्यांच्या ओळखीची नाही. म्हणजे तारीख उजाडली की मी आत, आणि जग बाहेर. पुढचा गुरुवार ठरला आहे. आणि तो ठराव ज्या वहीत लिहिला आहे त्या वहीतलं अक्षर फार सुंदर आहे. (मला वाटलं होतं मीच सांगीन, मामा. रोज ठरवत होते. रोज आई पायरीवर बसून कोणाला तरी हसवत असायच्या, आणि मग माझ्याच्याने होत नव्हतं. — सून) हे ती आत्ता लिहिते आहे, तोंडाने आजही बोललेली नाही. असू दे. मीही तिला एक शब्द बोलले नाही, फक्त आठ दिवस तिच्या भाजीत मीठ जास्त आहे असं म्हणत राहिले.

खरं सांगावं म्हणून मी उठले. लेकाच्या खांद्याला धरून आधी इतिहासवाल्यांना गाठलं आणि सांगितलं की घोडे बिडे काही नव्हते, दगड माझ्या भावाने घडवला आणि खाली नाक आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला, थोपटला आणि फार मायेने म्हणाले, "आजी, या वयात आठवणी अशा एकमेकीत मिसळतात." खोटं सांगितलं तेव्हा मी या भागाची स्मृती होते, खरं सांगितलं तर माझी स्मृती गेली! मग पालिकेत गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, लेखी काय आहे? मी म्हणाले, बाबा, लिहिता येत असतं तर नोटीस वाचली नसती का? तो म्हणाला, तक्रार लेखी द्या. मग मी न्हाव्याकडे गेले, म्हटलं हा तरी साक्ष देईल, त्या दिवशी तुझी हातगाडी ढकलायला हाच मागून हात लावत होता. तर तो आरशात बघून कात्री चालवत राहिला आणि म्हणाला की त्या काळात मी फार लहान होतो. चांगला वीस वर्षांचा होता! एकेकाळी मिशी होती त्याला. लेकाला म्हटलं तू तरी बोल. तो म्हणाला, आई, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला बायको, समोर पालिका. मला फक्त सरळ रस्त्यावर गाडी चालवता येते.

तेव्हा असा हा दगडाखाली हात सापडला आहे. खरं पटवलं तर न्हाव्याची पाटी, नातीचं बक्षीस, सुनेच्या चपला आणि अख्ख्या उपनगराची वर आलेली मान, सगळं माझ्यामुळे खाली जाणार. नाही पटवलं तर मी नऊ पायऱ्यांच्या आत. बाकी क्षेम. तब्येतीला जप, थंड पाणी पिऊ नकोस, भावजयीशी भांडलास तर ती बरोबर आहे असं समज.

तुझी,
ताई
(अंगठा उठवला आहे. शाई कमी पडली म्हणून दोनदा.)

ता. क. मुद्दा राहिलाच. बुधवारच्या आत ये. येताना छिन्नी आण, आणि इतिहासवाल्यांसमोर दुसऱ्या कुठल्याही दगडावर तेच नाक कोरून दाखव. मग दगड उपटू दे त्यांना, दोन्ही नाकं शेजारी ठेवू दे, आणि बोलू दे म्हणावं माझ्या स्मृतीबद्दल. लोक मला काय म्हणतील ते म्हणोत. मला पायरी हवी आहे. तुझ्या दाजींच्या हातचं आता या घरात एवढंच उरलं आहे, हे मी मुद्दाम शेवटी सांगते आहे, म्हणजे तू पत्र दुमडून खिशात घालून विसरणार नाहीस.

ता. क. दुसरा. येऊ नकोस. हे पत्र टपालात पडलंच नाही. सूनबाईने ते पाच दिवस स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं आणि मला सांगितलं टाकलं. (हे खरं आहे. — सून) त्या पाच दिवसांत तिने काय केलं, तर समितीची बैठक बोलावली आणि उभी राहून म्हणाली की स्मारक साऱ्या उपनगराचं आहे, ते चिटणिसाच्या दारात राहिलं तर लोक नावं ठेवतील, तेव्हा माझी नम्र सूचना आहे की दगड बसथांब्याशी हलवावा, तिथे तो सगळ्यांना दिसेल. कोणी काय बोलणार? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पायरीचा ठराव आपोआप पडला. मी तिला विचारलं, अगं, खरं तर तुला आता ठाऊक आहे. तर म्हणते, मी काही ऐकलेलं नाही, मी फक्त लिहिते. पंधरा वर्षं मी या मुलीला भोळी समजत होते. आजपासून भाजीत मीठ बरोबर आहे.

बुधवारी क्रेन आणून दगड उपटला. सगळा भाग जमला होता. मी पायरीवरून बघत होते. दगड वर गेला, हवेत फिरला, आणि सगळ्यांसमोर तुझा उस्ताद अवतरला. माती लागलेला, पण नाक तसंच्या तसं. म्हटलं, झालं, आता तरी. इतिहासवाले तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते म्हणाले की हा प्राचीन सीमारक्षक आहे, असा चेहरा आजवर कुठेच सापडलेला नाही. (खरंच आहे ते. असं नाक एकदाच झालं.) न्हावी माझ्याकडे बघत होता, मी न्हाव्याकडे. आम्ही दोघांनी नजर फिरवली. आता नवा लेख येणार आहे. शहर किती मैल सरकतं ते कळवीन. तुझ्या उस्तादाला ज्या कामासाठी तुला हाकलावंसं वाटलं, त्याला काचेची पेटी करणार आहेत. एकदा येऊन बघून जा, पण हसायचं नाही.

ता. क. तिसरा, आणि खरा हाच. दगड बुधवारी गेला. गुरुवारी सकाळी, ज्या दिवशी पालिका पायरी फोडणार होती त्याच दिवशी, गोदामाचा पहिला ट्रक वळला आणि पायरीचा वीतभर कोपरा घेऊन गेला. शुक्रवारी दुसरा आला, पण मी काठी घेऊन उभी होते, तो थांबला. रोज अशी उभी राहायला माझे गुडघे काही पालिकेचे नोकर नाहीत. तेव्हा एक दगड पाठव. तुझ्या स्वतःच्या आवारात पडलेले आहेत, मला माहीत आहे. गुडघ्याएवढा, जड, कोपरे न घासलेला. आकडा घालू नकोस, नाव घालू नकोस, नाक तर अजिबात घालू नकोस. फक्त तळाशी, जमिनीत जाणाऱ्या भागावर, एक बटण कोर. गोल, काठाला उंच, चार भोकांचं. कोटाचं. शंभर वर्षांनी दुसरे कोणी इतिहासवाले येतील तेव्हा त्यांच्या हाती एक तरी खरी गोष्ट लागू दे.

दगडाबरोबर खायला अंजीर पाठव, झाडावर पिकलेले, बोट लावलं की खड्डा पडेल असे, आणि पेटीत वरच्या बाजूला ठेव, दगडाखाली नाही. (हे सांगावं लागतं, कारण तू तू आहेस.) भावजयीने मध काढला असेल तर तोही दे. अक्रोड एकही नको. तुझ्याकडून यापुढे कडक वस्तू एकच यायची आहे, आणि ती कोपऱ्यात पुरायची आहे.